रस्ता लोकांचा, इजारा कोणाचा?

ऑक्टोबर २०१३ मध्ये कोल्हापूर शहराच्या वेशीवर पोलीस बंदोबस्तात टोलवसुली सुरू झाली. शिरोली, फुलेवाडी, कळंबा, उचगाव अशा एकूण नऊ नाक्यांनी शहराला वेढा घातला होता. करवीरनिवासिनीच्या दर्शनाला मोटारीने निघालेले कुटुंब असो, टेम्पोतून गुळाचे रवे घेऊन मार्केट यार्डाकडे निघालेला शेतकरी असो, की आजारी माणसाला भाड्याच्या जीपमध्ये घालून छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाकडे धावणारे नातेवाईक असोत, त्यांच्यापुढे आता आडवा दांडा उभा होता. शहरात राहून शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्याने स्वतःच्या घरी परतण्याचे पैसे मोजावेत, अशी ही व्यवस्था होती. हे काही मुंबई-पुण्याच्या धर्तीवरचे द्रुतगती मार्ग नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या वापरात असलेले, रुंद व काँक्रीटचे केलेले, शहरातलेच रस्ते होते ते.

पुढे काय झाले, हे महाराष्ट्राने पाहिले. शेतकरी कामगार पक्षाचे प्रा. एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्याबरोबर शिवसेना आणि भारतीय जनता पक्षाचे कार्यकर्ते एकाच मोर्चात चालले. एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे न राहणारे पक्ष सर्वपक्षीय टोलविरोधी कृती समितीच्या झेंड्याखाली एकत्र आले, यातच त्या प्रश्नाचे गांभीर्य दिसून येते. जानेवारी २०१४ मध्ये जनक्षोभाचा स्फोट झाला आणि नाके पेटले. जाळपोळीचे समर्थन कोणताही जबाबदार नागरिक करणार नाही. परंतु एरवी कायद्याने चालणारे शहर या टोकाला का गेले, हा प्रश्न जाळपोळीचा निषेध करून संपत नाही. प्रकरण न्यायालयांत गेले, वसुली थांबली, पुन्हा सुरू झाली. आणि अखेर डिसेंबर २०१५ मध्ये राज्य शासनाने कोल्हापूरचा टोल रद्द करण्याची घोषणा केली. त्यानंतर त्याची अधिसूचना निघाली आणि शहराने गुलाल उधळला.

त्या गुलालात एक गोष्ट मात्र झाकली गेली. टोल रद्द झाला, पण करारातून आलेले देणे रद्द झाले नाही. कंपनीला भरपाई देण्याची जबाबदारी शासनाने स्वीकारली. नाक्यावर जे पैसे कोल्हापूरकरांनी देण्याचे नाकारले, ते तिजोरीतून, म्हणजे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या करदात्याच्या खिशातून जाणार हे ठरले. दांडा उचलला गेला, हिशेब मात्र शिल्लकच राहिला. म्हणूनच टोल असावा की नसावा, एवढ्याच मुद्द्यावर रेंगाळणारी चर्चा मूळ दुखण्याला स्पर्श करीत नाही. दुखणे आहे ते करारात.

करार कोणाचा, भार कोणावर?

कोल्हापूरचा प्रकल्प ‘एकात्मिक रस्ते विकास प्रकल्प’ या भारदस्त नावाने ओळखला गेला. सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते, २२० कोटी रुपयांचा खर्च आणि ३० वर्षे टोलवसुलीचा अधिकार, असे त्याचे ढोबळ स्वरूप. कोल्हापूर महानगरपालिका, महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ आणि कंत्राटदार कंपनी अशा तिघांमधला हा करार. टोलखेरीज टेंबलाईवाडी येथील एक मोलाचा भूखंडही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने कंपनीकडे जायचा होता. तिघांनी सह्या केल्या. पण ज्याच्या खिशातून ३० वर्षे पैसे जाणार होते, तो चौथा पक्षकार, म्हणजे नागरिक, त्या मेजावर कुठेच नव्हता. करारातील कलमांची खरी सार्वजनिक चर्चा सुरू झाली ती नाके उभे राहू लागल्यावर. तोवर रस्ते खोदले गेले होते आणि सह्यांची शाई वाळून गेली होती.

कामाच्या दर्जाविषयी, अपुऱ्या राहिलेल्या पदपथांविषयी, गटारांविषयी नागरिकांच्या तक्रारी होत्या. पुढे कामाचे फेरमूल्यांकन करावे लागले आणि नेमके किती रुपयांचे काम झाले, यावर वाद रंगला. २२० कोटींच्या कामाचे मोजमाप काम झाल्यानंतर वादाचा विषय व्हावे, हेच मुळात त्या करारावरचे भाष्य आहे. घर बांधणारा साधा माणूसही गवंड्याच्या कामाचा हिशेब भिंत उभी राहत असताना घेतो. महानगरपालिका व महामंडळ या दोन सार्वजनिक संस्था करारात असताना हे भान सुटते कसे?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. खाजगी भांडवल हे मूलतः पाप आहे, अशी भूमिका समाजवादी पठडीतले विद्वान घेत असतात. ती राष्ट्रहिताची नाही. देशाला रस्ते हवेत, पूल हवेत आणि महापालिकांच्या तिजोऱ्या रित्या आहेत. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने सुवर्ण चतुष्कोनाचा सुमारे ५,८०० किलोमीटरचा संकल्प हाती घेतला, तेव्हा इंधनावरील अधिभार, कर्ज, टोल आणि खाजगी सहभाग या सर्वांची सांगड घालण्यात आली. त्या निर्णयाने देशाचा चेहरा बदलला, हे विरोधकही मान्य करतात. महाराष्ट्रात १९९५ ते १९९९ या युती शासनाच्या काळात मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली सुमारे ३,६०० कोटींची खाजगी निविदा तत्कालीन सार्वजनिक बांधकाम मंत्री नितीन गडकरी यांनी फेटाळली. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने बाजारातून पैसा उभारला आणि तोच मार्ग सुमारे १,६०० कोटींत पूर्ण केला. भांडवल खाजगी असो वा सरकारी, वाटाघाटीच्या मेजावर लोकांच्या बाजूने कोणी जागा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. त्या एका प्रसंगी कोणी जागे होते. म्हणून दोन हजार कोटी वाचले.

इजाऱ्याचा जुना रोग

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. शिवछत्रपतींनी स्वराज्य उभारताना पहिला घाव घातला तो वतनदारांच्या मनमानी वसुलीवर. रयत आणि राज्य यांच्या मध्ये उभा राहून दोहोंकडून घेणारा मध्यस्थ त्यांना नको होता. जमिनीची मोजणी, ठरलेला आकार आणि राज्याला जबाबदार असलेले कारकून, ही त्यांची रीत होती. याउलट दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत परगणे इजाऱ्याने देण्याची प्रथा बोकाळली. जो अधिक बोली लावील त्याला महसूल वसुलीचा मक्ता! सरकारला रक्कम आगाऊ मिळे, चिंता मिटे. पुढे इजारदार रयतेकडून किती उकळतो, याची विचारपूस करण्याची निकड कोणाला उरत नसे. इजारदाराला गावाच्या उद्याशी कर्तव्य नव्हते. त्याचे लक्ष त्याच्या मुदतीवर. पेशवाईच्या अखेरच्या पर्वात रयतेचे मन राज्यापासून का तुटले, याच्या कारणांत या इजारेपद्धतीचा वाटा मोठा आहे.

आजच्या टोल करारांत हाच रोग नव्या वेषात वावरतो आहे. द्रुतगती मार्गाचेच उदाहरण पुढे नेता येईल. जनतेच्या पैशाने बांधलेल्या त्या मार्गाच्या टोलवसुलीचे हक्क २००४ मध्ये, काँग्रेस आघाडीच्या राजवटीत, ९१८ कोटी रुपयांच्या आगाऊ रकमेवर १५ वर्षांसाठी देऊन टाकण्यात आले. ती मुदत २०१९ मध्ये संपली. २०२० मध्ये त्याच मार्गाच्या सुमारे दहा वर्षांच्या वसुलीसाठी एकूण ८,२६२ कोटी रुपये देण्यास कंत्राटदार तयार झाला. दरम्यान वाहने वाढली, दर वाढले, रुपयाचे मोल घटले, हे सर्व खरे. पण वाहने वाढतील हे २००४ मध्ये कोणाला दिसत नव्हते, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. मुंबईच्या प्रवेशद्वारांवरही तेच. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली आणि वाशी अशा पाच नाक्यांवर शहरातील उड्डाणपुलांच्या खर्चापोटी टोल सुरू झाला. आणि २०१० मध्ये २,१०० कोटी रुपये आगाऊ घेऊन पुढील १६ वर्षांची वसुली एका कंपनीकडे सोपवण्यात आली. आगाऊ रक्कम ही शासनकर्त्यांना फार गोड लागते. ती आजच्या मंत्रिमंडळाला मिळते. फेडतो मात्र उद्याचा नागरिक.

नोएडाचा धडा

करारातील एखादे कलम काय अनर्थ घडवू शकते, हे समजून घेण्यासाठी दिल्लीकडे पाहावे लागेल. दिल्ली आणि नोएडा यांना यमुनेवरून जोडणारा सुमारे ९.२ किलोमीटरचा आठपदरी उड्डाणमार्ग फेब्रुवारी २००१ मध्ये वाहतुकीस खुला झाला. १९९२ च्या सामंजस्य करारातून त्याची कल्पना पुढे आली. नोव्हेंबर १९९७ मध्ये नोएडा प्राधिकरण, आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था आणि तिनेच पुढाकार घेऊन स्थापन केलेली टोल ब्रिज कंपनी यांच्यात ३० वर्षांचा सवलत करार झाला. खुली निविदा निघालीच नाही. पुलाचा मूळ खर्च सुमारे ४०८ कोटी रुपये. मार्ग उत्तम होता, वेळ वाचत होता. आरंभी कोणाची तक्रार नव्हती.

करारातील एका सूत्राने मात्र हा व्यवहार अजब बनवला. एकूण प्रकल्पखर्चावर कंपनीला दरसाल २० टक्के परतावा मिळेल, आणि एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर तूट खर्चाच्या रकमेत मिळवली जाईल, असे ते सूत्र. साधे गणित करून पाहावे. ४०८ कोटींवर २० टक्के म्हणजे ८१ कोटी ६० लाख. समजा, देखभालीचा खर्च वजा जाता पहिल्या वर्षी २० कोटीच हाती आले. उरलेले ६१ कोटी ६० लाख मूळ खर्चात जमा. म्हणजे जो पूल ४०८ कोटींत बांधला, तो एका वर्षात कागदोपत्री ४६९ कोटी ६० लाखांचा झाला! दुसऱ्या वर्षी परतावा मोजायचा तो या वाढलेल्या रकमेवर, म्हणजे जवळजवळ ९४ कोटी. पुन्हा २० कोटीच आले, तर पुलाची ‘किंमत’ ५४३ कोटींच्या पुढे. एकही नवी वीट न लावता पूल वर्षानुवर्षे महाग होत जातो. लोक टोल भरतात आणि देणे वाढते. खेड्यातील सावकाराच्या चोपडीत कर्ज असेच वाढत असे. मुद्दल फिटत नसे आणि जमीन सुटत नसे. शिवाय ठरलेल्या मुदतीत परतावा पूर्ण झाला नाही, तर मुदत वाढत जाण्याचीही सोय करारात होती. ज्या कर्जाचा शेवट कधी येणारच नाही अशा रीतीने ते लिहिले गेले, त्याला करार म्हणावे की गहाणखत?

नोएडातील रहिवाशांच्या संघटनांच्या महासंघाने २०१२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. २६ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यायालयाने टोलवसुली थांबवण्याचा आदेश दिला. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. टोल आकारण्याचा अधिकार कंपनीकडे सोपवताना नोएडा प्राधिकरणाने आपल्या कायदेशीर मर्यादा ओलांडल्या, कंपनीची निवड निविदेविना व अन्याय्य रीतीने झाली, आणि कंपनीने प्रकल्पाचा खर्च व भरघोस नफा केव्हाच वसूल केला आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्याय मिळाला, पण करारापासून निवाड्यापर्यंत २७ वर्षे लागली. आणि ज्या वित्तसंस्थेने या सूत्राची भलावण केली, ती स्वतःच २०१८ मध्ये कर्जफेड करू न शकल्याने कोसळली व तिचे संचालक मंडळ केंद्र सरकारला बरखास्त करावे लागले. हमखास परताव्याचे आमिष दाखवणारे कागद प्रत्यक्षात कोणालाच तारत नाहीत, हेही त्यातून सिद्ध झाले.

कौटिल्याची वर्तनी

पथकर ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असा समज असेल तर तो चुकीचा आहे. मुंबई विद्यापीठासाठी प्रा. र. पं. कंगले यांनी ज्या अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, त्या कौटिल्याच्या ग्रंथात ‘वर्तनी’ नावाच्या पथकराची स्पष्ट तरतूद आहे. सीमेवरचा अंतपाल हा अधिकारी मालाच्या गाडीमागे सव्वा पण वर्तनी घेई; घोड्यागाढवांमागे एक पण, गुराढोरांमागे अर्धा, लहान जनावरामागे पाव आणि खांद्यावरून ओझे नेणाऱ्याकडून एक माष. म्हणजे ज्याची ऐपत जेवढी, तेवढाच कर. परंतु खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आहे. वाटेत व्यापाऱ्याचा माल हरवला वा चोरीस गेला, तर त्याची भरपाई त्याच अंतपालाने करावयाची, असा दंडक कौटिल्य घालून देतो. जो वर्तनी घेईल, त्याने वाटेची जोखीम उचलावी. घेणे आणि जबाबदारी एकाच हाती.

आधुनिक करारांनी हा क्रम उलटा केला आहे. वाहने अपेक्षेपेक्षा कमी आली, तर मुदत वाढवून द्यावयाची. खर्च वाढला, तर दर वाढवावयाचे. शासनाने सवलत दिली, तर भरपाई मोजावयाची. मात्र खड्ड्यात आदळून कोणाचा जीव गेला, नाक्यावरच्या रांगेत रुग्णवाहिका खोळंबली, तर त्याची जबाबदारी शोधत नागरिकाने या कार्यालयातून त्या कार्यालयात हेलपाटे घालावयाचे. महापालिका महामंडळाकडे बोट दाखवते, महामंडळ कंपनीकडे आणि कंपनी कराराकडे. नफ्याला मालक आहे, जोखमीला नाही. दत्तोपंत ठेंगडी यांनी साम्यवाद आणि भांडवलशाही या दोहोंना नाकारून ज्या तिसऱ्या मार्गाची मांडणी केली, तिचा रोख अशाच विपरीततेवर होता. संपत्ती निर्माण करणाऱ्याला योग्य मोबदला अवश्य मिळावा. परंतु समाजाच्या सामायिक मालमत्तेवर कोणाचाही निरंकुश हक्क असू नये, हा भारतीय अर्थविचाराचा गाभा आहे.

टोलमाफीची भुरळ

या दुखण्यावर राजकीय पक्षांना सापडलेला सोपा उपाय म्हणजे टोलमाफी. एप्रिल २०१५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यातील १२ नाके बंद करण्याची आणि ५३ नाक्यांवर मोटारी व एस. टी. बसगाड्यांना सूट देण्याची घोषणा केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली. रोज कामासाठी ये-जा करणाऱ्या लक्षावधी मध्यमवर्गीय कुटुंबांना त्यातून दिलासा मिळाला, हे नाकारण्याचे कारण नाही. अन्यायकारक वसुलीतून लोकांची सुटका करणे हे लोकनियुक्त सरकारचे कर्तव्यच आहे.

तथापि मित्रत्वाच्या नात्याने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पूर्वसुरींनी केलेल्या करारांचे ओझे या सरकारांच्या खांद्यावर आले, हे खरे असले तरी माफीने करार संपत नाही; केवळ पैसे देणारा बदलतो. मोटारीतून जाणाऱ्याची सूट कंत्राटदाराच्या भरपाईच्या रूपाने तिजोरीवर येते. आणि तिजोरीत तर एस. टी. ने प्रवास करणाऱ्या शेतमजुराचाही वाटा असतो. माफीची घोषणा गाजते, भरपाईचा हिशेब मात्र पुरवणी मागण्यांच्या रकान्यांत विरून जातो. निवडणुकीपूर्वीची माफी आणि निवडणुकीनंतरची भरपाई या चक्रात मूळचा सदोष करार कोणी केला, कोणत्या अधिकाऱ्याने त्यावर अनुकूल अभिप्राय दिला, हा प्रश्न विचारलाच जात नाही. कोल्हापुरात इतका मोठा संघर्ष झाला. त्या करारातील दोषांबद्दल शहराला कोणाकडून जाब मिळाला?

वेसण कशी घालावी?

उपाय अवघड नाहीत. इच्छाशक्ती अवघड आहे. पहिली गोष्ट, सवलत करार हा सार्वजनिक दस्तऐवज असला पाहिजे. सही होण्यापूर्वी तो मराठीत प्रसिद्ध व्हावा, महासभेत त्यावर कलमवार चर्चा व्हावी आणि शहरातील टोलसारख्या दीर्घ मुदतीच्या बोज्यावर नागरिकांच्या हरकती मागवल्या जाव्यात. विकास आराखड्यावर हरकती मागवता येतात, तर ३० वर्षांच्या वसुलीवर का नाही? व्यापारी गुपिताची सबब येथे चालू नये. रस्ता लोकांचा असेल, तर त्याचा करार गुपित कसा असू शकेल?

दुसरी गोष्ट, वसुलीला मुदतीबरोबरच रकमेचीही मर्यादा हवी. खर्च, त्यावरील वाजवी परतावा आणि देखभाल मिळून ठरलेली रक्कम जमा झाली की मुदत उरली असली तरी दांडा उचलला गेला पाहिजे. तूट मुद्दलात मिळवण्याचे नोएडा पद्धतीचे कलम कोणत्याही करारात असता कामा नये. वाहने कमी येण्याची जोखीम गुंतवणूकदाराला नको असेल, तर त्याने जोखमीचा मोबदलाही मागू नये. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१६ पासून आलेल्या संमिश्र पद्धतीत बांधकामाच्या काळात सरकार ४० टक्के रक्कम देते, उरलेली ठरावीक हप्त्यांत फेडते आणि टोल सरकारच गोळा करते. शहरांसाठी अशा पर्यायांचा विचार अगोदर व्हावा.

तिसरी गोष्ट, मोजणी. आजवर दिवसाला किती वाहने गेली आणि किती रक्कम जमली, याचा आकडा कंत्राटदार सांगेल तोच असे. फास्टॅग आल्यानंतर ही सबब उरलेली नाही. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. राज्यातील नाक्यांवरही एप्रिल २०२५ पासून त्याची सक्ती करण्यात आली. प्रत्येक वाहनाची नोंद यंत्रात होते. मग प्रत्येक नाक्यावर कालची वसुली, आजवरची एकूण वसुली आणि शिल्लक रक्कम दाखवणारा फलक का नसावा? देवस्थानची दानपेटी पंचांसमक्ष उघडून मोजण्याची आपल्या समाजाची रीत आहे. लोकांच्या रस्त्यावरचा गल्ला त्याला अपवाद कशाला?

चौथी गोष्ट, निष्पक्ष देखरेख. अर्थतज्ज्ञ डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने सार्वजनिक-खाजगी भागीदारीविषयी २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात जोखमीची न्याय्य वाटणी, स्वतंत्र नियामक आणि कंपनीने स्वतः होऊन आणलेले प्रस्ताव टाळण्याची शिफारस केली होती. त्या अहवालाची जागा कपाटात नाही. महाराष्ट्रात टोल आकारला जातो तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यातील अधिकाराने. तो अधिकार राज्याचा आहे. कंत्राटदार हा फक्त गोळा करणारा. हे तत्त्व नोएडाच्या निकालाने अधोरेखित केले आहे. अधिकार ज्याचा, उत्तरदायित्वही त्याचेच. त्यामुळे करारातील दोष उघड झाला, तर तो करणाऱ्या अधिकाऱ्यांपर्यंत आणि पदाधिकाऱ्यांपर्यंत चौकशी पोहोचली पाहिजे.

करारांचे पावित्र्य राखले नाही तर गुंतवणूक येणार नाही, असा इशारा उद्योगजगत देते. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. शासनाने दिलेला शब्द मोडू नये, हे भारतीय परंपरेलाही मान्य आहे. परंतु शब्दाला पावित्र्य येते ते तो उजेडात दिला गेल्याने. ज्याच्या नावाने शब्द दिला, त्यालाच तो ठाऊक नसेल, तर त्या शब्दाचा आधार गुंतवणूकदारालाही टिकाऊ नसतो. कोल्हापुरात आणि नोएडात कंपन्यांनाही हेच भोगावे लागले. उघड, मोजका आणि न्याय्य करार हे नागरिकाइतकेच प्रामाणिक उद्योजकाचेही संरक्षण आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरी धरणाचा संकल्प सोडला, तेव्हा संस्थानची तिजोरी काही ओसंडून वाहत नव्हती. तरीही ते पाणी कोणाच्या मक्त्याचे झाले नाही. ते रयतेचेच राहिले. राज्यकर्त्याची दृष्टी रयतेच्या उद्यावर असली की साधने कमी असूनही कामे उभी राहतात. ती स्वतःच्या मुदतीवर असली की भरल्या घरीही इजारदार येऊन बसतो. येत्या काळात महाराष्ट्रातील अनेक शहरे वर्तुळाकार मार्ग, उन्नत मार्ग आणि बोगदे यांसाठी खाजगी भांडवलाकडे पाहणार आहेत. पाहावे. पण सहीसाठी लेखणी उचलण्याआधी त्यांनी कोल्हापूरच्या जळलेल्या नाक्यांची आठवण ठेवावी, आणि कौटिल्याच्या अंतपालाचीही. दांडा आडवा टाकणाऱ्याच्या हाती वाटेची जबाबदारीही दिली जाणार असेल, तरच त्याच्या हाती पावतीपुस्तक द्यावे.